विश्लेषण : टर्बो नसलेल्या गाडीचा ‘पिकअप’ कमी खर्चात वाढवता येतो का?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पट्ट्यातील अनेक घरांमध्ये एकच छोटी पेट्रोल किंवा सीएनजी मोटार असते. आठवडाभर ती घर ते रेल्वे स्थानक, शाळा, बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते. रविवारी तीच गाडी पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन माळशेज घाटात किंवा नेरळहून माथेरानच्या चढणीवर जाते आणि तिथे ‘उचलत नाही’. मग गॅरेजमध्ये, मित्रमंडळींत सल्ले सुरू होतात. कोणी मोठा एअर फिल्टर लावायला सांगतो, कोणी सायलेन्सर बदलायला, कोणी संगणक ‘रिमॅप’ करायला. हातात दहा-पंधरा हजार रुपये असतील, तर यातले काय उपयोगी आणि काय वाया जाणारे? आणि कोणत्या बदलामुळे दंड, विमा नाकारला जाणे किंवा इंजिन निकामी होणे अशी वेळ येऊ शकते?

इंजिनाची ताकद ठरते कशावर?

पेट्रोल इंजिनात ताकद इंधनातून येते, पण किती इंधन जाळता येईल हे हवेवर ठरते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. त्यामुळे जास्त पेट्रोल ओतून ताकद वाढत नाही. जास्त हवा आत घ्यावी लागते. टर्बो नसलेले इंजिन हवा स्वतः ओढून घेते. बाहेर वातावरणाचा जेवढा दाब, तेवढीच हवा सिलिंडरमध्ये भरते. टर्बोचार्जर असेल तर तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबून आत कोंबतो.

हा फरक किती मोठा आहे, ते एकाच कंपनीच्या दोन इंजिनांवरून दिसते. मारुती वॅगन आरमधील ९९८ सीसीचे साधे इंजिन सुमारे ६७ अश्वशक्ती आणि ८९ न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याच कंपनीचे, तेवढ्याच ९९८ सीसीचे टर्बो इंजिन फ्राँक्समध्ये सुमारे १०० अश्वशक्ती आणि १४८ न्यूटन-मीटर देते. आकार तोच, हवा जास्त. म्हणूनच टर्बो गाडीच्या संगणकात बदल करून हवेचा दाब वाढवला, की २० ते ३० टक्के ताकद वाढल्याचे दावे खरे ठरू शकतात. टर्बो नसलेल्या गाडीत वाढवण्याजोगा दाबच नसतो. तिथे तोच ‘रिमॅप’ केला तर पाच-सात टक्क्यांच्या पलीकडे सहसा काही मिळत नाही. टर्बो गाड्यांचे आकडे दाखवून साध्या गाडीवर काम करून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर पहिली शंका इथेच घ्यावी.

मग घाटात गाडी इतकी का दमते?

याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. गाडी आणि माणसे मिळून १,२०० किलो वजन धरू. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारी चढण ताशी ४० किलोमीटर वेगाने चढायची, तर चाकांवर साधारण २० अश्वशक्ती लागते. वॅगन आरसारख्या गाडीची ६७ अश्वशक्ती ही मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर मिळते. इंजिन २,००० फेऱ्यांवर रेटत ठेवले आणि तिथे ८० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो असे धरले, तर हाती येते फक्त २३ अश्वशक्तीच्या आसपास. त्यातून गिअरबॉक्समधील घर्षण आणि एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा घेतात. छोट्या गाडीत कॉम्प्रेसर तीन ते पाच अश्वशक्ती सहज खातो. म्हणजे शिल्लक काहीच राहत नाही आणि गाडी गुदमरते.

गिअर खाली घेऊन इंजिन ३,५०० फेऱ्यांवर नेले, की तेच इंजिन सुमारे ४४ अश्वशक्ती देते. ताकद जवळपास दुप्पट झाली आणि खर्च शून्य. ‘इंजिन ओरडते, म्हणजे खराब होते’ या समजुतीने अनेक जण घाटात वरचाच गिअर धरून ठेवतात. प्रत्यक्षात कमी फेऱ्यांवर जास्त भार देणेच इंजिनाला जड जाते. लाल पट्ट्याच्या खाली, गरम झालेले आणि पुरेसे ऑइल असलेले इंजिन ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांवर चालवण्यात कोणताही धोका नाही.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर १०० मीटरला टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण एक टक्क्याने घटते. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. दस्तुरी नाक्यापर्यंत पोहोचताना सात-आठ टक्के ताकद हवेच्या विरळपणामुळेच गेलेली असते. हा दोष गाडीचा नव्हे.

आपली गाडी मुळात किती ताकद गमावून बसली आहे?

कमी बजेटमधील सर्वांत मोठा फायदा इथे असतो. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीत नवीन ताकद भरण्याआधी हरवलेली ताकद शोधावी. स्थानकापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पूर्ण तापतच नाही. थ्रॉटल बॉडीवर काजळी बसते, प्लग काळे पडतात, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओलावा मिसळतो. रस्त्यांची कामे आणि औद्योगिक वसाहतींची धूळ यामुळे एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. भरलेल्या फिल्टरचा परिणाम शहरात संथ चालवताना फारसा कळत नाही. एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर, म्हणजे नेमका घाटात, तो जाणवतो.

तपासण्याचा क्रम असा असावा. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बाहेर काढून डोळ्यांनी पाहावेत. थ्रॉटल बॉडी स्वच्छ करून घ्यावी. पेट्रोल पंपाचा दाब आणि इंजेक्टर तपासावेत. त्यानंतर सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. निरोगी पेट्रोल इंजिनात ते साधारण १५० ते २०० पीएसआय असते आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन बरेच कमी असेल, तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचे काम आहे. अशा इंजिनावर फिल्टर वा रिमॅपचा खर्च करणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

इंजिन चांगले असूनही ताकद चाकापर्यंत पोहोचत नसेल, असेही होते. एक्सलेटर दाबल्यावर फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. पाच-सात किलोमीटर चालवल्यावर एकच चाक जास्त तापलेले लागते, तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांमध्ये हा दोष विशेष दिसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तर गाडी वरच्या फेऱ्यांवर जाताना अडखळते.

एप्रिल २०१३ नंतर तयार झालेल्या गाड्यांमध्ये ‘ओबीडी २’ प्रणाली असते. काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, की दोषांचे संकेत मोबाइलवर वाचता येतात. ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा उणे किंवा अधिक दहा टक्क्यांच्या बाहेर सतत जात असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे, सेन्सर बिघडला आहे किंवा इंधन नीट येत नाही, असे समजावे. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी ही माहिती हातात असली, तर ‘सगळे बदलून टाकू’ या सल्ल्यापासून बचाव होतो.

सीएनजीवर ताकद का घटते? त्यावर उपाय काय?

या भागातील अनेक गाड्या सीएनजीवर चालतात आणि ‘पिकअप नाही’ ही तक्रार त्यांच्याबाबत जास्त असते. सीएनजी वायूरूपातच आत येतो आणि सिलिंडरमधील जागा व्यापतो. तेवढी हवा कमी भरते. शिवाय मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते. कंपनीतून येणाऱ्या गाड्यांचे आकडेच पाहा. वॅगन आर १.० पेट्रोलवर ६७, तर सीएनजीवर ५७ अश्वशक्ती देते. जुन्या १.२ लिटरच्या स्विफ्टमध्ये हेच आकडे सुमारे ९० आणि ७७.५ आहेत. म्हणजे घट १४-१५ टक्के. टाकीचे वजन वेगळेच. सीएनजी गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा साधारण ८०-९० किलो जड असते.

ही घट पूर्ण भरून निघत नाही. पण ती १५ वरून २५ टक्क्यांवर गेली असेल तर ती मागे आणता येते. सीएनजीला पेटवण्यासाठी ठिणगी जोरदार लागते. त्यामुळे प्लग आणि इग्निशन कॉइल पेट्रोल गाडीपेक्षा आधी बदलावे लागतात. व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज जास्त होत असल्याने टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचे कॅलिब्रेशन लॅपटॉप लावून करता येते. बसवल्यानंतर अनेकांनी ते पुन्हा कधी केलेलेच नसते. जुन्या पद्धतीच्या मिक्सर किटमध्ये हवेच्या वाटेतच अडथळा असतो, त्यामुळे अशी गाडी पेट्रोलवरही मंद चालते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घाट सुरू होण्याआधी बटण पेट्रोलवर करणे. दहा-बारा किलोमीटरच्या चढणीला लागणाऱ्या जादा पेट्रोलचा खर्च कोणत्याही सुट्या भागापेक्षा कमी आहे.

एअर फिल्टर, सायलेन्सर, रिमॅप : खरा फायदा किती?

कागदी फिल्टरच्या जागी बसणारा, धुवून पुन्हा वापरता येणारा फिल्टर काही हजार रुपयांना मिळतो. नवीन कागदी फिल्टरच्या तुलनेत त्याने छोट्या इंजिनात मिळणारी वाढ जेमतेम एक-दोन टक्के, म्हणजे ६७ अश्वशक्तीच्या गाडीत एखादी अश्वशक्ती. कंपनीचा फिल्टर त्या इंजिनाला लागणाऱ्या हवेपेक्षा मोठाच दिलेला असतो.

फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला, तर उलटा परिणाम होऊ शकतो. बाहेर ३० अंश तापमान असताना वाहतूक कोंडीत बॉनेटखालची हवा ६० अंशांवर सहज जाते. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. आवाज वाढतो आणि ताकद कमी होते. कंपनीने हवेचा पाइप ग्रिलमागे किंवा दिव्याजवळ का नेला आहे, याचे उत्तर यात आहे. तो पाइप जागेवर आहे ना, फाटलेला नाही ना, हे पाहणे फुकटात होते.

सायलेन्सर बदलण्याचेही तसेच. फक्त मागचा डबा बदलून छोट्या इंजिनात मोजता येईल असा फरक क्वचितच पडतो. अडथळा काढून टाकण्याच्या नादात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, तर गाडी ‘पीयूसी’मध्ये नापास होते. बीएस ४ आणि त्यापुढील पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा इंजिन संथ चालताना ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टरविना ती गाठणे जवळपास अशक्य.

रिमॅपमध्ये ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण बदलले जाते. कंपनीने हवामान, इंधनाचा दर्जा, इंजिनाचे वय यांसाठी राखलेली सुरक्षित मोकळीक थोडी कमी करून ती ताकदीत वळवली जाते. पाच टक्के वाढ म्हणजे तीन-साडेतीन अश्वशक्ती. त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजायची तर कामाआधीचा आणि नंतरचा, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी काढलेला डायनोचा कागद मागावा. ‘फरक जाणवतो’ हा पुरावा नव्हे. वाढलेला आवाज आणि हलका झालेला एक्सलेटर यांनी गाडी वेगवान झाल्याचा भास होतो. पेडलला जोडायचे जे छोटे डबे बाजारात मिळतात, ते नेमके हेच करतात. ते पाय अर्धा दाबला असताना तीन-चतुर्थांश दाबल्याचा संकेत पाठवतात. इंजिनाची कमाल ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. इंधनाच्या नळीवरील चुंबक, ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचे ‘पॉवर चिप’ यांच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

उल्हासनगरचा बाजार आणि ‘ओरिजिनल’चा प्रश्न

१९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांनी उभे केलेले उल्हासनगर काहीही बनवणारे आणि विकणारे शहर म्हणून ओळखले जाते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. उद्यमशीलता ही या शहराची खरी ताकद आहे; पण मोटारीच्या सुट्या भागांत बनावट माल देशभरच्या बाजारांत फिरतो आणि स्वस्तात ताकद शोधणारा ग्राहक त्याला सहज बळी पडतो. इरिडियम म्हणून विकला जाणारा साधा प्लग, कडा नीट न बसणारा एअर फिल्टर किंवा डब्यात दुसरेच भरलेले ऑइल यांमुळे वाचलेले दोनशे रुपये नंतर वीस हजारांना पडू शकतात. पक्के बिल, भाग क्रमांक आणि होलोग्राम तपासून अधिकृत विक्रेत्याकडूनच हे तीन घटक घ्यावेत. सीट कव्हर कुठूनही घेतले तरी चालते. प्लग आणि ऑइल नाही.

‘मिस्त्रीने कान लावून ट्यून केली’ ही परंपराही इथे जुनी आहे. १९९० च्या दशकात कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होत होती आणि रस्त्यावर १,०८९ सीसीच्या पद्मिनींचे राज्य होते. कार्ब्युरेटरचा जेट, पॉइंटचे अंतर, ठिणगीची वेळ हे सगळे पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येत असे आणि जाणता मिस्त्री त्यातून खरोखर ताकद काढत असे. आजच्या गाडीत ही जुळवणी संगणक सेकंदाला अनेकदा करतो. त्यामुळे हाताने करण्यासारखे उरले आहे ते म्हणजे त्या संगणकाला खरी माहिती मिळेल आणि यंत्राला स्वच्छ हवा मिळेल, याची काळजी.

पावसाळ्यात या बदलांचा धोका काय?

थंड हवा मिळावी म्हणून काही जण हवेचा पाइप खाली बंपरच्या पोकळीत नेतात. कोरड्या प्रदेशात हे ठीक. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या शहरांत नाही. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. असे पूर नेहमी येत नसले, तरी गुडघाभर पाणी साचणे दर पावसाळ्यात ठरलेले असते.

पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. खाली आणलेल्या पाइपमधून थोडे पाणी जरी सिलिंडरमध्ये गेले, तरी पिस्टन वर येताना अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन एका क्षणात निकामी होते. एखाद्या अश्वशक्तीसाठी पूर्ण इंजिनाची जोखीम घेणे परवडत नाही. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, हे तर सर्वांनाच लागू.

वजन, टायर आणि पेट्रोल यांचा हिशेब काय?

ताकद वाढवणे आणि वजन घटवणे यांचा परिणाम सारखाच असतो. १,२०० किलोमधून ६० किलो काढले, तर चढणीवर पाच टक्के कमी ताकद लागते. हा फायदा रिमॅपच्या तोडीचा आहे. डिकीत कायम पडलेली हत्यारे, पाण्याचे कॅन, वापरात नसलेला वूफर, छतावरचा कॅरिअर, पुढे लावलेला लोखंडी गार्ड यांची बेरीज करून पाहावी. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नयेत. लोखंडी गार्ड तर पादचाऱ्यांसाठी आणि एअरबॅगसाठीही घातक असून त्याला मनाई आहे.

मोठे टायर आणि जड अलॉय लावल्याने गाडी रुबाबदार दिसते आणि मंद होते. १५५/८० आर १३ च्या जागी १६५/८० आर १३ टायर लावला, तर चाकाचा व्यास सुमारे २.८ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक गिअर तेवढाच ‘लांब’ होतो, चढणीवरचा जोर तेवढाच घटतो. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला हवेचा दाब ठेवणे आणि अलाइनमेंट नीट करणे यांनी गाडी मोकळी पळते.

महागडे १०० ऑक्टेन पेट्रोल टाकल्याने साध्या इंजिनाची ताकद वाढते, हाही गैरसमजच. ऑक्टेन म्हणजे इंधनातील ऊर्जा नव्हे. दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता. ज्या इंजिनाची रचना ९१ ऑक्टेनसाठी आहे, त्याला जादा ऑक्टेनचा उपयोग करता येत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा प्रतिलिटर ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी असते. संगणक जास्त इंधन सोडून ती तूट भरून काढत असल्याने फटका मुख्यतः मायलेजला बसतो. मात्र जुन्या गाडीत इंजेक्टर आधीच तुंबलेले असतील, तर ही भरपाई पुरी होत नाही.

कायदा आणि विमा काय सांगतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग झाल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद आहे. इंजिनाचा बोअर वाढवणे, बाहेरून टर्बो बसवणे, दुसऱ्या मॉडेलचे इंजिन टाकणे, कन्व्हर्टर काढणे हे सारे यात येते.

मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते. मात्र त्याची नोंद कल्याणच्या ‘एमएच ०५’ परिवहन कार्यालयात आरसीवर करून घ्यावी लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो चाचणी करावी लागते. खासगी गाडीला १५ वर्षे झाल्यावर फेरनोंदणीसाठी ती परिवहन कार्यालयात तपासायला न्यावी लागते. त्या वेळी कापलेला सायलेन्सर किंवा न जुळणारा इंजिन क्रमांक लपत नाही.

विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटीतील गाडीच्या संगणकाला हात लावला, तर वॉरंटीही जाते.

दहा हजार रुपये असतील तर कुठे खर्च करावे?

पहिला टप्पा दोन हजारांच्या आतला : एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, टायरमधील हवा आणि अलाइनमेंट, डिकी रिकामी करणे, स्कॅनरने दोष वाचणे. दुसरा टप्पा पुढच्या तीन-चार हजारांचा : चांगल्या कंपनीचे प्लग, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच इंजिन ऑइल, इंजेक्टरची सफाई, कॉम्प्रेशन चाचणी, ब्रेकची सर्व्हिसिंग. सीएनजी असेल तर किटचे कॅलिब्रेशन आणि फिल्टर याच टप्प्यात. उरलेले पैसे तपासणीत जो दोष सापडेल त्यासाठी, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, कॉइल किंवा क्लच प्लेटसाठी राखून ठेवावेत. दुर्लक्षित गाडीत एवढ्यानेच दहा टक्क्यांहून अधिक ताकद परत येणे अशक्य नाही. नियमित देखभाल केलेल्या गाडीत मात्र फार फरक दिसणार नाही, कारण तिथे हरवलेलेच काही नसते.

एवढे करूनही ताकद अपुरी वाटत असेल, तर प्रश्न गाडीच्या क्षमतेचा आहे. फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅप यांवर मिळून ४०-५० हजार रुपये घालून चार-पाच अश्वशक्ती मिळवण्यापेक्षा ती रक्कम जुनी गाडी विकून आलेल्या पैशांत घालावी आणि १.२ किंवा १.५ लिटरची चांगल्या स्थितीतील वापरलेली गाडी घ्यावी. ९९८ सीसीच्या ६७ वरून १.२ लिटरच्या ९० अश्वशक्तीवर जाणे ही थेट ३४ टक्क्यांची वाढ आहे, तीही आरसी, पीयूसी आणि विमा शाबूत ठेवून.

हौसेचा प्रश्न वेगळा. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री मोकळा पट्टा मिळतो, म्हणून तो धावपट्टी होत नाही. तिथे कामावरून परतणारे दुचाकीस्वार आणि पादचारीही असतात. गाडीत बदल करून वेग आजमावायचाच असेल, तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धा, ऑटोक्रॉस आणि रॅली यांसारख्या बंदिस्त, परवानाधारक स्पर्धा आहेत. तिथे हेल्मेट लागते, वाहनाची तपासणी होते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. बसवलेल्या भागाने खरोखर काही मिळाले की नाही, याचे उत्तरही तिथल्या घड्याळात मिळते.